जावयाने मागितलेली धुरा

लग्नात जावई रुसतो, हे आपल्याकडे ठरलेलंच. पान वाढलेलं असतं, पण नवरदेव घासाला हात लावत नाही. मग सासरा येतो, थोडी ओढाताण होते आणि कुणाला सायकल मिळते, कुणाला रेडिओ. आमच्या पंचफुलाचा नवरदेवही रुसला. डोंगरकडा गावचा मुंजाजी तो. आमचे मालक, म्हणजे पंचफुलाचे बाबा उत्तमराव, नवं कोरं मनगटी घड्याळ खिशात घालूनच पंगतीत गेले होते. पण त्याने घड्याळाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. मान खाली घालून म्हणाला, "मामा, मला पटात तुमच्या जोडीची धुरा द्या."

मांडव हसला. मालक हसले नाहीत.

पट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. आखलेल्या दोन वाटांवरून दोन जोड्या सोडायच्या, प्रत्येक जोडीमागे हलका छकडा आणि त्यावर एकच माणूस, धुरकरी. आमची पाखऱ्या-हरण्याची जोडी पंचक्रोशीत नावाजलेली, आणि तिचे धुरकरी कायम मालकच. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हापासून जोडी नुसती सरकी खात उभी होती. भल्या भल्या लोकांनी धुरा मागितली, पण ह्यांनी कुणाला कासऱ्याला हात लावू दिला नव्हता. आता भरल्या पानावर जावई मागतोय, चार गावची माणसं बघताहेत. नाही कसं म्हणणार? "दिली," म्हणाले आणि मांडवामागे जाऊन घटाघटा पाणी प्यायले. पोरगी देताना त्यांना एवढं जड गेलं नसावं.

मी मात्र खूश झाले, खोटं कशाला बोलू? धुरेच्या निमित्ताने जावई दर पटाला आमच्या गावी, साखऱ्याला येणार आणि त्याच्याबरोबर माझी पंचफुला येणार. सणाची वाट बघत बसायला नको. घड्याळ देऊन हे झालं असतं का?

पण पहिल्याच पटात घोटाळा झाला. जोडी सुटली झकास, अर्ध्यापर्यंत पुढे होती, आणि तिथून जी वाकडी झाली ती थेट आखलेल्या वाटेबाहेर बघ्यांमध्ये घुसली. दोन उसाचे ठेले आडवे झाले. वाट सोडली की जोडी बाद. मालक घरी येऊन म्हणाले, "असू द्या जावईबापू, पैली खेप हाय." तोंडाने गोड बोलले, पण त्या दिवशी भाकरी अर्धीच खाल्ली.

दुसऱ्या पटातही तेच. तसंच अर्ध्यावर, तसंच वाकडं. या वेळी लोक हसले. कुणीतरी म्हणालं, उत्तमरावांनी जावयाला घड्याळच द्यायला हवं होतं, निदान ते सरळ चाललं असतं. हे वाक्य गावभर झालं.

मालकांनी मग नरसिंगला सांगावा धाडला. नरसिंग सेनगावकडचा मुरलेला धुरकरी, पुढच्या पटाला त्याने बसावं म्हणून. आणि पुढचा पट आमच्या साखऱ्यातलाच, डोंगरकड्याचे व्याही बघायला येणार होते. मी म्हटलं, असं करू नका, दिलेलं परत घेतात का? तर म्हणाले, "धुरा दिली म्हून बैलाचं नाव मातीत घालू का मी?"

पंचफुला चुलीपुढे बसून रडायला लागली. "माय, माह्या सासऱ्याच्या म्होरं ह्यांला धुरेवरून उतरवलं, तर हे पुन्हा साखऱ्याचं नाव काढणार न्हाईत. मंग मी तरी कोन्त्या तोंडानं येऊ?" मी तिला धीर दिला. एकुलती एक पोर आणि तिचं माहेर दोन बैलांच्या पायांवर अडकून बसलेलं.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन शेतात गेले. मुंजाजी मोकळ्या रानात जोडी पळवत होता, आणि जोडी अगदी सरळ जात होती. मी बघतच राहिले. हा येडा की खुळा, म्हटलं, रानात जमतं ते पटात का जमत नाही? तेवढ्यात बांधावरून मालकांनी गड्याला हाक मारली, "अय कोंडीबा!" बस, तेवढंच. पाखऱ्याचा कान वळला, मग मान वळली, मग हरण्याही ओढला गेला, आणि अख्खी जोडी छकड्यासकट मालकांच्या दिशेने निघाली. मुंजाजीने कासरा ओढून ती कशीबशी थांबवली.

पटात मालक कुठे उभे असतात? बरोबर अर्ध्यावर. आणि गप्प उभे राहतील तर ते उत्तमराव कसले. जोडी दिसली की "हां रे पाखऱ्या, हां रे राजा" करून गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत ओरडतात. वर्षानुवर्षं ज्या आवाजावर पळले, तो आवाज बाजूने आला तर बिचारे बैल करतील काय? मालकाकडे जातील.

मी मुंजाजीला बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला हे ठाऊक होतं का? तो पायाने ढेकूळ फोडत राहिला. मग म्हणाला, "व्हय मामी. पैल्या पटापासून."

"मंग बोलला काहून न्हाई?"

"कसं बोलू? जोडी त्यांची, जीव त्यांचा. त्यांनी मला धुरा दिली, अन् मी त्यांलाच म्हनू का, तुमी गप बसा म्हून?"

जीव भरून आला माझा. रागही आला, कारण या शहाण्याच्या अदबीपायी माझी पोरगी रडत होती.

मालकांना मीच सांगितलं. जावई रुसलेले मी खूप पाहिलेत, रुसलेला सासरा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. म्हणाले, जावयाची बाजू घेऊन तू माझ्यावरच खापर फोडून राहिलीस. जेवले नाहीत, बोलले नाहीत. सकाळी मात्र न सांगता रानात गेले. मुंजाजी जोडी पळवत होता. हे बाभळीआड उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "हां रे पाखऱ्या." जोडी वळली आणि बाभळीपाशी येऊन उभी राहिली. हे सगळं मला कोंडीबाने सांगितलं. मालकांनी घरी येऊन एवढंच म्हटलं, नरसिंगला निरोप धाड, येऊ नको म्हणावं. आणि भाकरी मागितली.

मला एक युक्ती सुचली. म्हटलं, तुम्ही पट संपतो तिथे झेंडीजवळ उभे राहा आणि हवं तेवढं ओरडा. बैल बाणासारखे तुमच्याकडे येतील. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"न्हाई," म्हणाले. "मंग ते माह्यासाठी पळतील. पोरगं कशाला बसलंय धुरेवर? पळवायचं तर त्यानं पळवावं."

साखऱ्याच्या पटाला मालक त्यांच्या नेहमीच्याच जागी उभे राहिले. मी आणि पंचफुला मागे बायकांत. जोडी सुटल्यावर ह्यांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. जोडी आली. ह्यांचा चेहरा लाल झाला, मुठी आवळल्या, पण आवाज काढला नाही. पाखऱ्या-हरण्या त्यांच्या समोरून दोरी धरल्यासारखे सरळ निघून गेले. मान वळवली नाही, कानही हलवला नाही. पलीकडची जोडी तेवढी अर्ध्या मानेने पुढे निघाली. आम्ही दुसरे आलो.

लोक टाळ्या वाजवत होते, व्याही फेटा उडवत होते. मी मालकांकडे गेले. त्यांनी बोळा काढला तेव्हा डोळे भरलेले होते.

"माह्याकडं पाह्यलं बी न्हाई गं त्यांनी," म्हणाले. वाईट वाटलं होतं त्यांना, चांगलंच वाटलं होतं. पण तोंडावर हसू होतं, ते काही लपत नव्हतं.

मुंजाजी जोडी घेऊन परत आला आणि खाली मान घालून उभा राहिला. पंचफुलाने माझा हात घट्ट धरला. मालक लंगडत लंगडत त्याच्यापुढे गेले. जावईबापू नाही, अहोजाहो नाही, चार माणसांत बोट नाचवत कडाडले, "मुंजाजी, लेका, शेवटाला कासरा काहून ढिला सोडला? तिथंच तर हरलास तू! पुढच्या बारीला असं केलंस तर बघ."

पंचफुला घाबरून माझ्याकडे बघायला लागली, बाबा जावयावर ओरडतात म्हणून. येडीच आहे. जावयावर कोण कधी ओरडतं? ते आपल्या धुरकऱ्यावर ओरडत होते. मुंजाजीला ते बरोबर कळलं होतं. खाली मान घालून तो गालात हसत होता.