चातुर्मासातला अभिप्राय

महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं आणि दुसऱ्याच दिवशी नागपूरहून रेकॉर्डचं खोकं आलं. एरवी असं खोकं आलं की हे शाळेतून येऊन चहासुद्धा न घेता सुतळी सोडायला बसत. त्या दिवशी मात्र खोकं दिवेलागणीपर्यंत दाराशीच पडून राहिलं. मी त्याला वळसा घालून तुळशीपाशी गेले, दिवा लावून परत आले, तरी ते तिथंच. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की यांना ते उघडायची भीती वाटते आहे.

हे म्हणजे माझे यजमान. घरात त्यांना सगळे भैयाजी म्हणतात. पुलगावच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत. नागपूरला शिकायला असताना तिथल्या एका स्कॉटिश प्राध्यापकानं त्यांना विलायती वाद्यवृंदाची गोडी लावली होती, आणि देश स्वतंत्र झाल्यावर मायदेशी जाताना आपला चावीचा ग्रामोफोन व ट्रंकभर तबकड्या त्यानं यांच्या हवाली केल्या होत्या. तेव्हापासून नागपूरचं एक इंग्रजी साप्ताहिक नव्या रेकॉर्डी यांच्याकडे पाठवी. संगीत कसं आहे, वाजवलं कसं आहे, रेकॉर्डिंग कसं उतरलं आहे, याचा अभिप्राय हे लिहीत. वाचणारे किती होते देव जाणे. पण त्या दोन रकान्यांचा यांना केवढा आनंद होता ते मी पाहत होते.

त्या वर्षी आषाढात यांना हिवतापानं धरलं. डॉक्टरांनी कोयनेलच्या कडू गोळ्यांचा मारा केला. ताप उतरला, पण कानात किर्र आवाज बसला तो बसलाच. मिलचा भोंगा झाला की हे मान वाकडी करून ऐकत आणि म्हणत, “हा सुरात खाली आला, की मीच खाली आलो?” डॉक्टर म्हणाले, कोयनेलचं असं होतं, बहुधा जातं, एखाद्याचं राहतंही. त्या ‘एखाद्या’पाशी यांचं मन अडकलं. पुन्हा डॉक्टरांकडे गेले नाहीत.

मी म्हटलं, जुन्या तबकड्या लावून पाहा की. त्यांनी त्या लावून पाहिल्या होत्या, मी देवळात गेले असताना. सगळ्या ठीक वाटल्या. पण यांचं म्हणणं असं, की त्या तर पाठ आहेत. तिथं कान कुठं ऐकतो, आठवणच ऐकते. खरी परीक्षा नव्या तबकडीची.

ती परीक्षा दाराशी येऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुटी होती. यांनी चावी भरली, नवी पिन बसवली, आणि मी दारात तांदूळ निवडत बसले. संगीत याच शतकातल्या कुणा युरोपातल्या माणसाचं होतं. असलं नवं यांच्याकडे आजवर आलं नव्हतं. सुरुवात बरी झाली. मग सगळी सारंगीसारखी वाद्यं एकदम एकमेकांवर धावून गेली, आणि मला तर फडताळातली भांडी कोसळल्यासारखं वाटलं. यांनी पिन उचलली. पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. यांचा चेहरा उतरत गेला.

“सूर एकमेकांना चिकटून येताहेत,” ते म्हणाले. “फाटके. असं कुणी लिहील का? नव्या लोकांचं संगीत खडबडीत असतं, असं वाचलंय मी. पण इतकं?”

मी म्हटलं, मलाही कसंतरीच वाटलं. त्यावर ते हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता. म्हणाले, तुला तर लग्नातली सनईही कशीतरीच वाटते. आणि ते खरंच होतं. देवानं मला पुष्कळ दिलं, कान मात्र दिला नाही.

पण घरात एक कान होता. यांच्या सख्ख्या आत्या, जयवंता आत्या, महालक्ष्म्यांसाठी आष्टीहून आल्या होत्या. आर्वीपर्यंत मोटारीनं आणि पुढं पुलगावपर्यंत अरुंद रुळांच्या लहान गाडीनं. आष्टीच्या भजनात त्यांची पेटी, आणि त्या पेटीची साऱ्या गावाला दहशत. टाळकरी अर्धा सूर सरकला तरी त्या भजन थांबवत आणि सगळ्यांसमोर त्याचं नाव घेत. तोंडही तसंच. माझ्या लग्नापासून दर महालक्ष्म्यांना त्यांनी माझ्या आंबिलीला नाव ठेवलं होतं. घट्ट झाली, आंबली नाही, फार आंबली, नुसतं पाणी झालं.

यांना वाटलं, आत्याचं मन कुणाची भीड धरणारं नाही. तिलाच ऐकवू. मात्र कानाचं तिला सांगायचं नाही. सांगितलं तर ती आपल्या समाधानापुरतं बोलेल. मला बजावलं, तूही गप्प राहा.

इथंच माझी अडचण झाली. कारण आत्याबाईंचं एक गुपित आधीच माझ्यापाशी होतं.

झालं असं होतं, की यंदाच्या नैवेद्याची आंबील खरोखर बिघडली होती. मी जीव मुठीत धरून त्यांच्या पानात वाढली, आणि आत्याबाई म्हणाल्या, छान झाली. मला काही तो घास गोड लागला नाही. दुपारी मी हळूच विचारलं, तुमची तब्येत बरी नाही का? तेव्हा त्यांनी मला देवघरात नेलं. चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा. आत्याबाईंनी आषाढी एकादशीला ठरवलं, की आपल्याला जे सगळ्यात आवडतं तेच सोडायचं. म्हणून त्यांनी नावं ठेवणं सोडलं होतं. कार्तिकी एकादशीपर्यंत कशालाही वाईट म्हणायचं नाही. आणि नेम बोलून दाखवला की त्याचं पुण्य जातं, म्हणून समईपुढं माझ्याकडून शब्द घेतला, की हे कुणाला सांगायचं नाही. मी सकाळी तुळशीला पाणी आणि पोथीचा अध्याय झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही. समईपुढं दिलेला शब्द मी कसा मोडणार?

आत्याबाई आल्या, वाती वळायचा कापूस घेऊन ग्रामोफोनपुढं बसल्या. हे म्हणाले, नवीन आहे, ऐक, कुठं काही बेसूर लागलं तर सांगजो. तबकडी सुरू झाली. ती भांडी कोसळायची जागा आली तेव्हा आत्याबाईंचा वाती वळणारा हात थबकला. मी पाहिलं. यांनी नाही पाहिलं, कारण हे डोळे मिटून बसले होते.

तबकडी संपली. आत्याबाईंनी हातातली अर्धी वात वळून पुरी केली.

“छान आहे,” त्या म्हणाल्या.

“कुठी खटकलं नाई?”

“मी काऊन नाव ठेवू बापा? एवढे मोठे लोक वाजवून राह्यले. छानच आहे.”

यांनी पिन बाजूला केली. तबकडी पाकिटात घातली, कडा नीट जुळवल्या. आत्याबाई स्वयंपाकघरात गेल्यावर मला एवढंच म्हणाले, की संपलं. तिला छान ऐकू येतं आणि मला फाटकं. म्हणजे फाटलंय ते इथं. आणि कानशिलावर बोट ठेवलं.

मग त्यांनी माळ्यावरून ट्रंक काढली. एकेक तबकडी जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून आत ठेवू लागले. सगळं कॉलेजला देऊन टाकू म्हणाले, निदान धड कानाचं कुणीतरी ऐकेल. साप्ताहिकाला कळवू, की दुसरा माणूस पाहा. आवाज अगदी शांत होता. तो शांतपणाच मला सोसवेना. माणसानं आदळआपट केली तर समजूत काढता येते.

मी देवघरात जाऊन बसले. दोन शब्द दिलेले. यांना दिलेला, की आत्याला कानाचं सांगणार नाही, आणि आत्यांना दिलेला, की यांना नेमाचं सांगणार नाही. विचार करता करता वाटलं, यांनी मला नुसतं बजावलं होतं. त्यांना आत्यांकडून खरं बोलणं हवं होतं म्हणून. ते काम आता झालं, उलटं का होईना झालं. त्या सांगण्यात आता अर्थ उरला नाही. समईपुढचा शब्द तसा नव्हता. मी देवाला नमस्कार केला आणि आत्याबाईंकडे गेले.

त्या परसात डाळ पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. कोयनेल, किर्र, भोंगा, ट्रंक. त्यांचं सूप हळूहळू थांबलं.

“थो कान पाहून राह्यलता?” त्या म्हणाल्या. “मले वाटलं गानं दाखवून राह्यला.”

मी म्हटलं, तुमच्या नेमाचं मी बोललेले नाही, बोलणारही नाही. तुम्हीच काय ते ठरवा.

त्यांनी सूप भिंतीला टेकवलं. बोलले तर नेम मोडतो, आणि पोराचं मन मोडलं तर तो नेम देवाला तरी काय करायचा, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं असावं. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, तानबाची पेटी परत केली का?

आरतीसाठी आळीतल्या भजन मंडळाच्या तानबाकडून आणलेली पेटी अजून ओसरीतच होती.

आत्याबाई पेटी घेऊन यांच्यापुढं बसल्या. हे ट्रंकेशी तसेच वाकलेले.

“भैया, थे तबकडी लाव आखीन एक डाव.”

हे म्हणाले, राहू दे आत्या. त्यांनी नुसता भाता सोडला. आत्यापुढं यांचं लहानपणापासून कधी चाललं नव्हतं. गुंडाळलेली तबकडी यांनी सोडली आणि लावली.

पहिल्यांदा आत्याबाई नुसत्या ऐकत राहिल्या. बोटं पट्ट्यांवरून फिरवत षड्ज शोधला. मग ती जागा आली, आणि त्यांनी अगदी लागून असलेल्या दोन पट्ट्या एकदम दाबल्या. पांढरी आणि तिच्या शेजारची काळी. पेटीतून असा आवाज निघाला, की आमच्या ओसरीतली मांजर उठून गेली. भजनात कुणी अशी पट्टी दाबली असती, तर आत्याबाईंनी त्याला पारावरून खाली उतरवलं असतं. आता त्या स्वतःच ती दाबून धरत होत्या, आणि तबकडीतली वाद्यंही तेच ओरडत होती. दोन्ही आवाज एकमेकांत असे बसले, की माझ्यासारखीलासुद्धा कळलं, हे एकच आहे. पुढं वाद्यं खाली सरकली. आत्यांची बोटंही सरकली आणि तिथं तीन पट्ट्या दाबल्या.

यांनी पिन उचलली नाही. डोळे उघडून आत्याच्या बोटांकडे पाहत राहिले.

“तुले असंच ऐकू आलं?” त्यांनी विचारलं.

“मी काई बोलून नाई राह्यली,” आत्याबाई म्हणाल्या. “वाजवून राह्यली.”

“सकाळी पन असंच आलतं?”

आत्याबाईंनी पुन्हा त्याच दोन पट्ट्या दाबल्या, आणि मान हलवून हो म्हटलं.

हे तिथंच ट्रंकेच्या झाकणावर बसले. आधी हसले. मग पंच्यानं तोंड पुसलं, ते जरा जास्तच वेळ पुसत राहिले. मी देवघराकडे तोंड वळवलं, कारण माझेही डोळे भरले होते. एवढा बेसूर आवाज माझ्या घरात कधी झाला नव्हता आणि इतका गोडही कधी झाला नव्हता.

“म्हणजे यानं लिहिलंच आहे तसं,” हे म्हणाले. “मुद्दाम लिहिलं आहे.”

मग तर यांना धीर धरवेना. चहा मागवला, दौत-टाक काढला, पुन्हा पहिल्यापासून तबकडी लावली. आता चेहरा वेगळाच. कानातली किर्र आहे म्हणाले, पण ती आपल्या जागी आहे, एखाद्या रातकिड्यासारखी. संगीत तिच्या पलीकडे स्वच्छ आहे. जाडी वाद्यं जरा मागे पडली आहेत. नगाऱ्याचा घुमारा चांगला आला आहे. एका बाजूच्या शेवटी वाजवणाऱ्यांनी घाई केली आहे, तबकडीत जागा संपत आली असेल. आणि ते एकमेकांना चिकटलेले सूर, ते अगदी सुटे सुटे पकडले आहेत, कुठला कुठला ते वेगळा ओळखता येतो. हे मोठ्यानं बोलत होते आणि लिहीत होते. आम्ही दोघी डाळ निवडत ऐकत होतो. मध्येच संध्याकाळचा भोंगा झाला. यांनी टाक थांबवला, ऐकला, आणि म्हणाले, आहे तिथंच आहे. पुन्हा लिहू लागले.

शेवटी त्यांनी आत्याला विचारलं, तुला काय आवडलं? आत्याबाईंनी डाळीतला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाल्या, मधी एक बासरी एकटीच राह्यते, बाकीचे उगेमुगे बसते, थे लय बरी वाटली. यांनी तेही लिहून घेतलं.

त्या दिवशी आत्याबाई रात्री जेवल्या नाहीत. पेटीतून नाव ठेवलं की नाही, याचा निकाल देवाकडे सोडला आणि आपल्याकडून उपास करून टाकला. मीही त्यांच्याबरोबर नुसतं दूध घेतलं. यांनी विचारलं, आज कसला उपास? आम्ही म्हटलं, आहे एक.

ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली, रिकामीच. कानातली किर्र दिवाळीच्या सुमारास कधी गेली ते यांनाही कळलं नाही.

कार्तिकी एकादशी झाली. द्वादशीला आष्टीला पारणं करून आत्याबाई पुन्हा लहान गाडीनं पुलगावला उतरल्या. पाय धुवायच्या आधीच ओसरीत बसकण मारली आणि म्हणाल्या, सूनबाई, महालक्ष्म्यांची आंबील म्हंजे नुसतं तांदूळ धुतल्याचं पानी होतं. मग यांच्याकडे वळल्या.

“आन् तुही थे तबकडी. मानसं वाजवून राह्यले का भांडून राह्यले? सगळ्याईले आष्टीच्या भजनात आनून बसव मायापाशी. बासरीवाला तेवढा ठेवजो.”

हे हात जोडून ऐकत होते. दोन्ही कानांनी.