जोहाराचं उत्तर

"आपल्या मातीतला." हे दोन शब्द कुणी माझ्यासमोर काढले की माझी अजून सटकते. ते का, ते ऐका.

तेव्हा मी परळच्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचो आणि संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांत गाणी म्हणायचो. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे म्हणून सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलेलं होतं. लालबागच्या एका सभेत माझा आवाज ऐकून गिरगावचे केळशीकर सर मला शोधत आले. सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि समितीच्या मदतीसाठी नाटक बसवत होते. नाटक इंग्रजांचं, फार जुनं, पण मराठीत आणलेलं. म्हणाले, "दौलत, असा आवाज आमच्या गिरगावात नाही. गुलामाचं काम तूच करायचं."

मी घरी सांगितलं. आबा, म्हणजे माझे वडील, चाळभर सांगत फिरले, की आमचा दौलत गिरगावात उभा राहणार, लोक तिकीट काढून बघणार. म्हाताऱ्यानं लग्नातला कोट ट्रंकेतून काढून इस्त्रीला टाकला.

मूळ नाटक असं. एक गोरा मालक परमुलखात जातो, तिथल्या लोकांची मिठागरं बळकावतो आणि त्यांच्यातल्याच एका काळ्या माणसाला गुलाम करून ठेवतो. लिहिणारा इंग्रज, म्हणजे गुलाम चोरटा, दारुडा, अर्धा जनावर. पण तिसऱ्या अंकात तो मालकाला तोंडावर विचारतो, ही मिठागरं कुणाची? चांगलं पानभर भाषण होतं. सरांनी ते पहिल्या दिवशी वाचून दाखवलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मी त्या भाषणासाठी हो म्हटलं, दुसऱ्या कशासाठी नाही.

तालमी एका वाडीत, माडीवर व्हायच्या. तिथं सरांनी आपलं मराठी रूपांतर वाचलं. गोऱ्या मालकाचा झाला होता कोकणातला खोत. आणि गुलाम? सर खुशीत येऊन म्हणाले, "आपल्या प्रेक्षकाला हबशी काय कळणार? म्हणून मी त्याला आपल्या मातीतला केला. गावकुसाबाहेरचा."

नाव ठेवलं होतं काळू. काळूची पहिलीच एंट्री अशी, की तो वाकत येतो, खोताच्या पायरीपासून लांब थांबतो आणि म्हणतो, "जोहार, धनी."

माझ्या कानात कुणी शिसं ओतावं तसं झालं.

आमच्या घरात तो शब्द बंद होता. आबांनी रत्नागिरीकडच्या गावात अर्धी जिंदगी खोताच्या दारात जोहार घातला. महारानं नमस्कार करायचा नाही, रामराम करायचा नाही, लांबून वाकून जोहार घालायचा. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. तेव्हा आबा म्हणाले, "ह्या तोंडातनं तो शब्द आता निघायचा नाही. तुझ्या निघाला तर मी तुझा बाप नव्हं." आणि एक गोष्ट ते नेहमी सांगायचे. इतकी वर्षं जोहार घातला, पण खोतानं एकदासुद्धा उत्तर दिलं नाही. साधं हूं म्हटलं नाही.

मी सरांना म्हटलं, "सर, रामराम म्हटलं तर?"

"मग तो कोण हे कळणार कसं?"

"जयभीम म्हणू?"

माडीवर सगळे हसले. सर पण हसले. मी गंमत करत नव्हतो.

खोताचं काम सीताराम करत होता. लालबागचा, माझ्याच गिरणीतला, माझा दोस्त. मोर्च्यात आम्ही दोघांनी एकाच पोलिसाच्या लाठ्या खाल्ल्या होत्या. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "नाटक आहे रे. मी काय खरा खोत आहे? माझा बाप खोताच्या मळ्यात राबूनच मेला ना." ते खरं होतं. पण त्याच्या बापाला पायरी चढायला मिळत होती. मी त्याला तेवढं सांगितलं.

मग रंगाचा दिवस आला. सीताराम माझ्याहून काळा आहे, उन्हात उभा केला तर कुणीही सांगेल. त्याच्या तोंडाला पावडर लावली आणि माझ्या तोंडाला काजळ. मी विचारलं, हे काय? सर म्हणाले, मूळ गुलाम काळा आहे, म्हणून. म्हणजे काळू आपल्या मातीतला, पण काजळ मात्र विलायतेहून आलेलं. आणि सर सीतारामला सीतारामराव म्हणायचे. मी नुसताच दौलत.

तरी मी गिळत होतो, कारण तिसरा अंक होता. आणि एक दिवस सरांनी तो कापला. भाषणावर सरळ रेघ मारली. म्हणाले, "आता मालक इंग्रज राहिला नाही, आपलाच माणूस झाला. मराठी माणसात फूट पाडायची ही वेळ आहे का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मालक गोरा होता तोवर मिठागरं कुणाची हे विचारायला मुभा होती. खोत झाला तशी तोंडाला कुलूप. आता काळूकडं राहिलं काय? जोहार घालायचा, भात चोरायचा, मार खायचा आणि शेवटी मालकाचा जीव वाचवताना मरायचं. मुंबई आमची म्हणून मी घसा फोडत होतो, आणि त्यातलं 'आम्ही' कोण ते सरांनी असं दाखवून दिलं.

बायको म्हणाली, "मग सोडा की वो." मालनचं बरोबर होतं. पण मी सोडलं असतं तर दुसरा कुणी तोंडाला काजळ फासून तो शब्द म्हणणार आणि हॉल खिदळणार. शिवाय आबांचा कोट इस्त्री होऊन आला होता. त्यांना काय सांगू, की तुमच्याच तोंडचा शब्द म्हणायला मला नेला होता?

तालमीत ती जागा आली की मी म्हणायचो, "इथं तो शब्द." आणि पुढं जायचो. सर विचारायचे, "प्रयोगाला म्हणशील ना?" मी म्हणायचो, प्रयोगाला बघू.

प्रयोग रविवारी दुपारी होता. पुढं गिरगावची मंडळी, मागच्या बाकांवर आमची अख्खी चाळ, आणि मधोमध कोट घातलेले आबा. प्रॉम्प्टिंगला सर स्वतः विंगेत होते.

मी आलो, पण वाकलो नाही. काजळ विंगेतच पंच्यानं पुसलं होतं. सरळ पायरीपर्यंत गेलो आणि सीतारामसमोर उभा राहिलो. माझा शब्द झाल्यावर त्याचं वाक्य होतं. माझा शब्द नाही म्हणून त्याचं वाक्य नाही. त्याला रेटून म्हणता आलं असतं. म्हणाला नाही. का, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

विंगेतून हळूच आलं, "जोहार."

मी गप्प.

"दौलत, जोहार."

सरांना वाटलं, मी विसरलो. गिरगावात कुणाच्या डोक्यात येणार, की हा शब्द माणूस मुद्दाम गिळेल? ते आणखी वाकले, अर्धे विंगेबाहेर आले. धोतर दिसलं, चष्मा दिसला. हात पुढं करून, कमरेत वाकून ते माझ्याकडं बघत होते आणि आता चांगले मोठ्यानं म्हणत होते, "जोहार, धनी. जोहार, धनी."

शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

आणि मागं कुणीतरी उठून उभं राहिलं. मी बघितलं तर आबा. कोटाचं बटण लावत, शांतपणे, गावात कुणी वाटेत भेटल्यावर म्हणावं तसं ते म्हणाले, "जयभीम, मास्तर."

आमची चाळ हसली नाही. सगळी उठली आणि म्हणाली, जयभीम. सर तसेच वाकलेले राहिले आणि कुणीतरी पडदा पाडला.

मला परत कुणी नाटकात घेतलं नाही. घरी येताना मी आबांना म्हटलं, "तुम्ही कशाला मध्ये बोललात?"

आबा म्हणाले, "अरे, माणूस एवढा वाकून जोहार घालतोय. कुणी उत्तर द्यायला नको?"