धारेवरचा लाल गोल

आत्याला मी पाच आठवडे मनातल्या मनात शिव्या घातल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तिचं कौतुक करताना कुणी मला लाडकी भाची म्हणायला नको.

आत्या एका स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून जुने फोटो दुरुस्त करते. गुडघे गेल्यापासून ती डोंगरावर जात नाही, पण कुठलं शिखर कुठल्या वाटेनं चढावं हे विचारायला गिर्यारोहक अजून तिच्याकडे येतात. ती त्यांना स्टुलावर बसवते, शिखराचे फोटो टेबलावर मांडते, डोळ्याला भिंग लावते आणि लाल पेन्सिलीनं वाट आखते. फोटोवर तिनं खूण करून वेळ लिहिली की ती परत फिरायची वेळ, असं मी तरी धरून चालले होते. तिथं कुणाचं काही चालत नाही.

यंदा मी दादाला घेऊन गेले. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. तीन वर्षांपूर्वी हिमदंशानं त्याच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली आणि त्यांच्याबरोबर त्याची बडबडही गेली. डोंगराचा विषय निघाला की तो पाणी प्यायला उठायचा. मी महिनोन्‌महिने डोकं खाल्लं तेव्हा कुठे तयार झाला. "एकदाच. नाही जमलं तर बूट विकून टाकायचे, आणि तू परत हा विषय काढायचा नाहीस," असं त्यानं कबूल करून घेतलं होतं.

म्हणून मला उत्तरेची भिंत हवी होती. सरळसोट, सगळी बर्फाची. चढला तर दादा पहिल्यासारखा होईल, असं माझं गणित.

"नाही," आत्या म्हणाली.

"मग काय दक्षिणेचा उतार? तिथून तर लोक रांग लावून जातात!"

"तोही नाही. मधली धार."

मधली धार म्हणजे धड सोपी नाही, धड अवघड नाही. "त्याला झेपणार नाही असं सरळ म्हण ना!"

"तू जरा गप्प बस," आत्या म्हणाली आणि दादाकडे वळली. "कुठल्या तारखेला चढणार? आणि थंडीत चालायला लागल्यावर पाय किती वेळानं बधिर होतो?"

"साडेतीन तासांनी," दादा खाली बघत म्हणाला.

असं तोंडावर विचारतात का कुणी? मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्यानं चार फोटो उलटे करून मागे लिहिलेल्या तारखा आणि वेळा वाचल्या. मग धारेच्या मध्यावर, खडकाच्या एका लहानशा कट्ट्याभोवती लाल गोल काढला आणि शेजारी लिहिलं, साडेसात. "पहाटे चारला निघा. आधी नाही."

माझं टाळकंच सटकलं. अर्ध्या धारेवरून साडेसातला माघारी! दादानं तो गोल बघितला आणि पाणी प्यायला उठला. आत्या कारणं सांगत नाही आणि मी रागावले की विचारत नाही. फोटो मात्र मी खिशात घातला.

आम्ही बरोबर चारला निघालो. उजाडलं तसं उत्तरेच्या भिंतीकडे नजर गेली. त्या बर्फावर तासन्‌तास बुटांच्या टोकांवर, म्हणजे बोटांवरच, उभं राहावं लागलं असतं. इथं धारेवर अख्खं पाऊल टेकायला खडक होता आणि उरलेलं काम हातांचं. दादाचे हात तर लिफ्टच्या खड्ड्यांत घडलेले. तो पुढे होता. एका अवघड वळणावर त्यानं खडकाला चक्क शिवी दिली. तीन वर्षांनी! मला हसू आवरेना.

कट्ट्यावर पोचलो तेव्हा सात पंचवीस झाले होते. दादा मटकन बसला.

"पाय कळत नाहीये," तो म्हणाला. "आत्याला माहीत होतं गं. चल, उतरू."

मी दोर गुंडाळायला घेतला. डोळ्यांत पाणी येत होतं आणि त्याचाही राग येत होता. इतक्यात माझ्या हातांवर ऊन पडलं.

मान वर केली. खालची धार सावलीत, वरचीही सावलीत. शेजारच्या डोंगराच्या खिंडीतून ऊन आलं होतं ते फक्त आमच्या कट्ट्यावर. घड्याळात साडेसात.

मी शाळेत भूमिती शिकवते आणि उन्हाचा कोन मला सुचला नाही, हे कुणाला सांगू नका.

"बूट काढ!" मी ओरडले. दादाचे पाय जाकिटात घेऊन पोटाशी धरले. आठ बोटं, पांढरी फटक. पाऊण तास तो खडक तव्यासारखा तापत गेला आणि बोटं एकेक करून गुलाबी झाली. दादा वेदनेनं कळवळत होता आणि हसत होता. मग बूट चढवून म्हणाला, "सोड तो दोर. पुढे मीच जाणार."

संध्याकाळी पायथ्याच्या खोलीतून मी आत्याला फोन लावला.

"गोल उन्हाचा होता?"

"मग कसला? परत फिरायचं असतं तर फुली मारली नसती का?"

"मी पाच आठवडे तुझ्यावर चिडले होते, आत्या. चुकलं माझं."

"ते राहू दे. बोटं?"

मी पलीकडे पाहिलं. दादा पाय शेकत बसला होता आणि खोलीवाल्याला धारेवरचं ते वळण हातवारे करून तिसऱ्यांदा सांगत होता.

"आठच्या आठ," मी म्हणाले.

आत्यानं नाक ओढलं.

"हं. आता शिखराचं सांग."