एक बोट जागा

लग्नाच्या दिवशी चर्चला जायला माझ्या मुलीने माझी गाडी सोडून माझ्या धाकट्या भावाची, डेल्फिनोची गाडी निवडली. आमच्या एस्पान्योला गावात मुद्दाम खाली करून जमिनीला टेकवलेल्या गाड्यांना तोटा नाही, पण माझी चौसष्ट सालची इम्पाला रस्त्यावर आली की म्हातारेसुद्धा टोपी काढतात. डेल्फिनोची गाडी हिरवी, आणि तो हिरवाही दोन ठिकाणी उडालेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरलिंडाला सरळ विचारलं, माझ्या गाडीत काय कमी आहे?

"काकाच्या गाडीत मी लहानाची मोठी झाले, पापा. तुम्ही कधी मागे बसू तरी दिलंत का?"

नव्हतं बसू दिलं. माझी गाडी इतकी खाली आहे की मागे माणूस बसला की मागच्या चाकांकडे जाणारा फिरता शाफ्ट तळाच्या पत्र्याला लागतो. म्हणून मागे कुणी बसायचं नाही, हा घरचा नियम. देखणी गाडी हवी तर एवढं सोसावंच लागतं.

पुढच्याच आठवड्यात डेल्फिनो माझ्या गॅरेजात हजर. लग्नासाठी त्यानेही गाडी खाली करून घेतली होती. आता माणसं बसली की तळातून धाडधाड आवाज यायचा आणि सायलेन्सरचा पाइप रस्त्याला घासायचा. या खोऱ्यात हे काम तुझ्याशिवाय कुणाला जमत नाही, म्हणाला. स्तुती केली की मी विरघळतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक.

पाइप मी कापून वर वळवून घेतला; त्यात काही विशेष नव्हतं. मग मागच्या सीटवर वाळूची पोती ठेवली, शाफ्टवरच्या पत्र्याला खालून मऊ माती चिकटवली आणि एक फेरी मारून आलो. माती पार खरवडून निघाली होती. पत्रा कापून वर उचलायचा आणि वेल्डिंग करायचं. किती उचलायचा, ते माझ्या हातात होतं.

दोन बोटं जागा ठेवली असती तर मागे तिघं मजेत बसले असते. मी एकच बोट जागा ठेवली. लग्नाला मागे बसणार ओरलिंडा आणि माझी बायको रोसेंडा. दोघींना तेवढी पुरे. लेकीच्या लग्नात विघ्न आणण्याइतका मी नीच नाही. पण सोमवारी डेल्फिनो आपली पोरं कोंबून नदीवर निघाला की बसू देत दणके. माझी गाडी रिकामी धावते, तर त्याची भरून का धावावी?

डेल्फिनोने मला मिठी मारली आणि त्याच्या बायकोने दिलेले मक्याच्या पिठाचे गरम तमाले हातात ठेवले. मी एकही शिल्लक ठेवला नाही.

लग्नाच्या सकाळी ओरलिंडा पांढऱ्या झग्यात हिरव्या गाडीत मागे बसली, शेजारी रोसेंडा. मी माझ्या गाडीकडे वळलो, तर लेकीने हाक मारली. आईला पलीकडे सरकवून तिने स्वतःशेजारी जागा केली होती.

"या ना पापा. तुमच्याशिवाय चर्चला कशी जाऊ?"

माझं वजन दोनशे ऐंशी पौंड. चर्च नऊ मैलांवर, आणि रस्त्याला खड्डेच खड्डे. मी बसलो असतो तर पहिल्याच खड्ड्यात सगळ्यांना कळलं असतं.

"बस की," डेल्फिनो पुढून म्हणाला. "तुझ्याच हातचं काम आहे. घाबरतोस काय?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. ते जमेना. शेवटी म्हणालो, माझी गाडी एवढी घासूनपुसून ठेवली आहे, ती अशी घरी कशी सोडू?

ओरलिंडा चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिने झगा पसरून ती जागा भरून टाकली आणि काकाला म्हणाली, "चल."

नऊ मैल मी त्यांच्या मागे होतो. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून मायलेकींची डोकी दिसत होती. हिरवी गाडी एकाही खड्ड्यात वाजली नाही. माझं माप अगदी बरोबर होतं.