अर्ध्या तोंडाचा राजा

दिंडोशीच्या मैदानावरचा दशावतार जवळ आला आणि आमच्या बाबांचं अर्धं तोंड संपावर गेलं. सकाळी चूळ भरली तर पाणी डावीकडून सांडलं. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याच्या नसेला सूज आहे, औषधाने बरं होईल. कधी, ते सांगेनात. बाबा दरवर्षी राजा होतात. यंदा मुकुट धाकूकाकांकडे जाणार, या धास्तीने त्यांनी जेवण टाकलं. धाकूकाका दरवर्षी राणी होतात आणि मिशी काढून काढून कंटाळलेत.

मी झूऑलॉजी शिकते, म्हणून समजूत घालायचं काम माझ्याकडे आलं.

"गालार डास चावलो तर कळता," बाबा म्हणाले, "पण गाल हलणा नाय. ह्या कसा?"

"चेतापेशी वेगवेगळ्या असतात, बाबा. संवेदी पेशी गालाची खबर मेंदूला देते. ती ठणठणीत आहे. प्रेरक पेशी मेंदूचा हुकूम गालाला देते. घोळ तिथे आहे."

"आणि मधी कोण नाय?"

"सहयोगी पेशी. इकडचं तिकडे करणाऱ्या."

"तुझ्या आवशीसारख्यो."

मी आईच्या हातातली कोथिंबिरीची काडी घेतली. "ही पानं म्हणजे वृक्षिका, त्या निरोप घेतात. इथे पेशीकाय. हा लांब देठ म्हणजे अक्षतंतू. सूज देठावर आहे, हुकूम वाटेत अडकतोय."

बाबा आरशात बघून हसले. अर्धेच. मग बघतच राहिले.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतातच. संध्याकाळी तालमीत बाबांनी नवा राजा उभा केला, शापाने अर्धा राक्षस झालेला. उजवा गाल दाखवला की मायाळू, डावा दाखवला की दगड. धाकूकाकांनी पोट धरून हसत मुकुट सोडला.

आता बाबांना बरं व्हायचीच भीती वाटायला लागली. गालाचे व्यायाम बंद, गोळ्या उशीखाली.

"गोळये घेवा गपचूप," आई म्हणाली, "नायतर नाटकाक एकटेच जावा."

त्यांनी घेतल्या.

प्रयोगाला मैदान भरलं. राजाने उजवा गाल दाखवला की टाळ्या, डावा दाखवला की पोरं आयांच्या मागे. शेवटी राक्षस राणीवर खेकसणार होता. बाबांनी डावा गाल पुढे केला, डोळे वटारले आणि राक्षसाच्या ओठाचा कोपरा जरासा वर गेला. पेटीवाला थांबला. बाबांनी गालाला हात लावला आणि मुद्दाम पुन्हा हसून पाहिलं. पुन्हा हलला.

पहिल्या रांगेतली आई उभी राहिली. "ओ, गाल हललो तुमचो."

"महाराज, शाप सुटला," धाकूकाकांनी राणीच्या आवाजात वेळ मारून नेली.

मुकुट घालून राजा नुसता आईकडे बघून हसत राहिला, वाकडं, पण दोन्ही बाजूंनी.