चौसष्टाव्या अंकाची चार पाने

जे पान तुम्ही वाचलेच नाही, त्याचा न्याय करण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला?

रागावू नका. हा प्रश्न मी सर्वांनाच विचारतो. मी एका चित्रकथामालेचा चौसष्टावा आणि अखेरचा अंक आहे. माझी पाने बत्तीस. त्यांतील चार माझ्या अंगाला जोडलेली नाहीत; घडी घालून आत ठेवलेली आहेत.

माझ्या कथेचा नायक दिगंत. वाऱ्याला थोपवण्याची शक्ती त्याच्या हातांत होती, आणि त्या हातांनी कोणाचा जीव घेणार नाही अशी त्याची शपथ होती. पुण्यातील एका लहानशा छापखान्यात माझा जन्म झाला. प्रती थोड्या निघाल्या, कारण वर्गणीदार थोडे उरले होते. मला टपालात टाकल्यावर त्याच महिन्यात प्रकाशकाने दुकानाला कुलूप लावले.

भोरमध्ये माझी वाट पाहणारी चार माणसे होती. एसटीतून निवृत्त झालेले सोनबा, पिठाची गिरणी चालवणारा मानसिंग, आंबवड्याचा सोमनाथ आणि कामथडीची वनिता. सोमनाथ दुधाचा टेम्पो चालवी. वनिता शाळेचे गणवेश शिवी आणि दर गुरुवारी दोरा-बटणे घेण्यास भोरला येई. चौघांत मिळून वर्गणी एक, म्हणून अंकही एकच. दर अंकाला वाचनाचा पहिला मान पाळीपाळीने एकाचा असे. शेवटी रविवारी सकाळी सोनबांच्या पडवीत सर्व जमत आणि वाद घालत.

त्या वादांच्या कथा मी आधीच्या अंकांकडून ऐकल्या आहेत. ते सर्व सोनबांच्या कपाटात माझ्या शेजारी होते.

सोनबा म्हणत, "पैल्या वीस अंकांत ह्यो गडी दमायचा. डोंगर चढला की धाप लागायची. आता चांदण्यांत फिरतोय. ज्याला दमच लागत न्हाई त्याची काळजी म्या का करावी?"

सोमनाथचा आक्षेप खलनायकाविषयी होता. "तिसऱ्यांदा मेला आणि तिसऱ्यांदा उठला. आमच्या आळीतली माणसं एकदाच मरतात, आजोबा."

"तुझा टेम्पो बी रोज मरतोय आणि रोज उठतोय," मानसिंग म्हणे.

वनिता कमी बोले. परंतु ती बोलू लागली की सोनबा चष्मा काढून ऐकत. एकसष्टाव्या अंकात पूल बांधणारी मंदाकिनी मारली गेली, तेव्हा ती म्हणाली होती, "तिला मारायचं तर तिच्या गोष्टीपायी मारा. दिगंतला राग यावा म्हणून बाईचा जीव घ्यायचा, ही कुठली रीत? तिचा पूल अर्धाच राहिला, त्याचं पुढं कुणी काई लिहिलं न्हाई." घरी, गल्लीत, कापडाच्या दुकानात तिचे मत कोणी विचारीत नसे. या पडवीत विचारीत. तिच्या आयुष्यात त्या जागेचे मोल किती होते, हे तिने कोणास सांगितले नव्हते.

मानसिंगचे मत एकच होते. "दिगंतनं ज्या दिवशी जीव घेतला, त्या दिवशी तो दिगंत न्हाई."

या मंडळींचा एक नियम होता. प्रत्येक अंकाच्या शेवटी सोनबा एक कोरा कागद टाचत. वाचून झाले की त्यावर आपले मत लिहायचे, पाने मोजायची, "पाने बत्तीस, पूर्ण" असे लिहून सही करायची आणि मगच अंक पुढे द्यायचा. घेणाऱ्यानेही देणाऱ्यासमोर पाने मोजायची. एकदा एक अंक फाटून आला होता, तेव्हापासून हा नियम.

चौसष्टाव्या अंकाचा पहिला मान मानसिंगचा होता.

त्याने मला गिरणीत, दळण थांबवून वाचले. अठ्ठाविसाव्या पानावर दिगंत हात उचलतो. एकोणतिसाव्यावर तो हात खाली येतो आणि समोरचा माणूस मरतो. मानसिंगने एवढेच पाहिले. पुढचे पान उलटले नाही. पिठाने माखलेल्या बोटांनी त्याने माझी शेवटची चार पाने, म्हणजे दोन कागद, मुळापासून ओढली. त्यांच्या जोडीची पहिली पाने सैल झाली. ती त्याने खळ करून चिकटवली.

फाडलेली पाने तो चुलीत घालू शकला नाही. अक्षर असलेला कागद जाळायचा नाही, त्याला पाय लावायचा नाही, अशी त्याच्या आईची शिकवण होती आणि तो धार्मिक माणूस होता. त्याने पाने कपाळाला लावली आणि देवघराशेजारच्या फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवली.

मग त्याने मताच्या कागदावर लिहिले, "शेवट वाचकांवर सोडला, हे उत्तम झाले." आणि खाली लिहिले, "पाने बत्तीस, पूर्ण." लिहिताना त्याचा हात थांबला होता. मी त्या हाताखाली होतो, म्हणून सांगतो. थांबलेला हात त्याने पुन्हा चालवला. पाप घडले ते त्या क्षणी.

गुरुवारी वनिता आली. मानसिंगने मला तिच्या हातात दिले.

"मोज गं पोरी. नियम हाय."

"तुमच्यासमोर काय मोजू, मामा?" ती म्हणाली आणि न मोजताच तिने सही केली. वडीलधाऱ्या माणसासमोर पाने मोजणे हा तिला त्याचा अपमान वाटला. आपल्याकडील सभ्य माणूस हीच चूक करतो.

रात्रीचे जेवण होण्यापूर्वीच तिने मला वाचून काढले. अठ्ठावीसवर थांबली. मोजले. पुन्हा मोजले. तिचे वडील नागसेन जवळ बसले होते. तिने मला त्यांच्या हातात दिले.

"उद्याच जाऊन सांग," ते म्हणाले. "आपल्या घरात पुस्तकाला कुणी नख लावलं न्हाई. ज्यानं आपल्याला उभं केलं ते पुस्तकच हाय."

ती सांगायला आली. पडवीत सर्व जमले. सोनबांनी मताचा कागद वाचला: मानसिंगची सही, पाने पूर्ण, वनिताची सही. मग त्यांनी एकसष्टाव्या अंकाचा कागद काढला. त्यावर वनिताच्याच अक्षरात लिहिलेले होते, "असली पाने फाडून टाकावीत."

"हे तूच लिव्हलं का?"

"व्हय. पण ते मत व्हतं, आजोबा."

"मतच म्हणतोय म्या. आता पानं बी गेलीत."

तिने मानसिंगकडे पाहिले. "मामा, तुमी मोजली व्हती ना?"

मानसिंग म्हणाला, "म्या लिव्हलंय की."

तो एवढेच बोलला. खोटे बोलायला पुष्कळ शब्द लागत नाहीत.

तिला कोणी जा म्हटले नाही. सोनबा म्हणाले, "झालं ते झालं, फक्त कबूल कर." ती म्हणाली, "न केलेलं कसं कबूल करू?" आणि उठली. पुढच्या गुरुवारी ती भोरला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दोरा तिने नसरापुरातून आणला. सोमनाथने मोबाईलवर पुष्कळ शोधले. ती चार पाने कोठेच मिळाली नाहीत. प्रकाशकाचा फोन बंद होता.

दसऱ्यापूर्वी मानसिंगच्या घरी फळ्या धुतल्या गेल्या. त्याची बायको बनाबाई हिला वर्तमानपत्राखाली चित्रांची पाने मिळाली. तिला वाचता येत नव्हते, पण चित्रातला माणूस तिने ओळखला. रविवार होता. ती हात पुसत तशीच पडवीत आली.

"घ्या. तुमची हरवलेली पानं घावली. आमच्याच फळीवर व्हती की. उगाच त्या पोरीला बोल लावला तुमी."

तिला आनंद झाला होता. तो कोणालाच झाला नाही, हे कळायला तिला थोडा वेळ लागला.

सोनबांनी पाने घेतली आणि मोठ्याने वाचली. एकोणतिसाव्या पानावर दिगंत जीव घेतो. तिसाव्यावर तो प्रेताशेजारी बसून राहतो आणि आपले हात न्याहाळतो. एकतिसाव्यावर पायी चौकीत जातो. बत्तिसाव्यावर लेखणी धरून बसलेल्या शिपायाला सांगतो, "शपथ मी मोडली. माझे नाव लिहा." दुसरे कोणतेही वाक्य त्या पानावर नाही.

सोमनाथने शेवटचे पान आपल्या हातात घेतले.

"लेखकानं त्याला बिघडवला न्हाई," सोमनाथ म्हणाला. "मानसिंगभाऊ, तुमी हे वाचलं व्हतं का?"

"न्हाई."

"न वाचताच फाडलं?"

"त्यानं हात उचलला तिथंच मला सहन झालं न्हाई." मानसिंग खाली बघत होता. "म्या त्याच्यावर लई जीव लावला व्हता."

सोनबा म्हणाले, "आणि पोरीवर?"

त्याच दिवशी तिघे कामथडीस गेले. मला आणि त्या चार पानांना सोबत नेले होते. वनिता मशीनवर बसली होती. मानसिंगने हात जोडले आणि सर्व सांगितले, काही लपवले नाही. नागसेनांनी पाणी दिले. सोनबाही म्हणाले, "पोरी, चुकलो आमी बी. रविवारी ये."

तिने मशीन थांबवले. "मामा, तुमच्यासमोर पानं मोजायची मला लाज वाटली. आता शाळेतल्या बाईंनी कापड दिलं तरी त्यांच्यासमोर दोनदा मोजते. त्यांना राग येतो. माझं मलाच आवडत न्हाई, पण हात थांबत न्हाई."

"अंक तरी ठेव. शेवट वाच," सोमनाथ म्हणाला.

"नको. दिगंतचं काय झालं ते मला जाणून घ्यायचं न्हाई." तिने पुन्हा पाय चालवला आणि मशीनच्या आवाजात पुढचे बोलणे बुडाले.

क्षमा मागणे हा पाप्याचा अधिकार आहे. ती मिळणे हा नाही. देव देईल तर देईल.

परत आल्यावर सोनबांनी कपाट उघडले. पहिल्या अंकापासून माझ्यापर्यंत सर्व अंक त्यांनी एका गोणीत भरले आणि ती गोणी मानसिंगच्या गिरणीत नेऊन ठेवली. "तुझं प्रेम आमच्यापेक्षा जास्त व्हतं," ते म्हणाले. "सगळं तुला." मानसिंग नको म्हणत राहिला. सोनबांनी ऐकले नाही. पडवीत त्यानंतर कोणी जमले नाही. सोमनाथने दळणासाठी दुसरी गिरणी धरली.

मी आता गोणीतून निघून मानसिंगच्या फळीवर आहे. मला पुन्हा पडवीत न्या, ही विनंती कोणास करू? करण्यासारखी उरलेली नाही. रविवारी मानसिंग गिरणी बंद ठेवतो, मला उघडतो, ती चार पाने जागेवर धरून शेवटपर्यंत वाचतो. त्याला आता पुष्कळ म्हणायचे असते. शपथ मोडणारा आणि ती मोडली असे सांगणारा यांत थोर कोण, यावर त्याला वाद घालायचा असतो. एकदा त्याने बनाबाईला सांगून पाहिले. ती म्हणाली, "मला त्यातलं काय कळतंय," आणि पाणी भरायला गेली. चौसष्टही अंक त्याच्या मालकीचे झाले आहेत, आणि त्यांच्याविषयी त्याच्याशी बोलेल असे एकही माणूस भोर तालुक्यात उरलेले नाही.