मनालीच्या सासरची ढवळी

अभिरामनं डब्यांचं खातं आपल्या हाती घेतलं, त्याला मनालीच जबाबदार होती. मार्च संपता संपता एका रविवारी तो मोबाइल घेऊन बसला आणि महिनाभरात तिघांनी बाहेर काय काय खाल्लं, ते मोठ्यानं वाचू लागला. मनालीनं बेलापूरच्या ऑफिसात मागवलेले फ्राइड राइस झाले, लेकीनं, जाईनं, शाळेच्या कँटीनमध्ये उडवलेले सामोसे झाले. घरून काम करणाऱ्या माणसानं भर दुपारी मागवलेल्या बिर्याणीपाशी मात्र त्याचा आवाज जरा खाली आला.

“एवढ्यात आपण तिघं फिरून आलो असतो कुठेतरी,” तो म्हणाला.

“सकाळी साडेसहाला तीन डबे भरायला मला काय दहा हात आहेत?” मनाली कणीक मळता मळता म्हणाली. “एवढं वाटतं तर तू कर.”

विषय मिटला, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा नवरा ओट्यापाशी उभा होता आणि फ्रिजवर आठवड्याचा तक्ता चिकटवलेला होता.

अभिराम जे करायचा ते झपाटल्यासारखं करायचा. नेरूळच्या बाजारात भाजीवाली आवराआवर करू लागली की हा पिशवी घेऊन हजर. विकत आणलेलं काहीही कचऱ्यात जाणार नाही, असा त्यानं नियमच केला. फ्लॉवरचे दांडे थालीपिठात गेले, मुळ्याचा पाला झुणक्यात, कोथिंबिरीच्या काड्या चटणीत. रात्रीचं वरण सकाळी पराठा होऊन डब्यात बसायला लागलं. मनालीला सगळ्यात जास्त राग याचा यायचा, की ते सगळं चविष्ट लागायचं. तक्रार करायला जागाच नाही!

एप्रिलमध्ये त्यानं एक भलंमोठं कलिंगड आणलं. लाल गर जाईनं आणि तिच्या मैत्रिणींनी एका दुपारी फस्त केला. मागे राहिली परातभर सालं. अभिरामनं त्यांच्यावरचं हिरवं सोललं, आतल्या पांढऱ्या भागाच्या फोडी केल्या, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची आणि दाण्याचं कूट घालून भाजी परतली आणि मंगळवारच्या डब्यांत भरून मोकळा झाला.

मनालीच्या ऑफिसात चौघीजणी एकत्र जेवायच्या. त्यांतल्या उज्वलाताई वयानं आणि अनुभवानं मोठ्या. कुणी काहीही आणो, उज्वलाताईंनी ते पूर्वी कुठेतरी खाल्लेलं असायचं आणि तेही अस्सल. समोरच्या डब्यातलं नेहमीच त्याहून डावं निघायचं. मनालीच्या फणसाच्या भाजीला त्यांनी “ठीक आहे, मुंबईच्या मानानं” असं म्हटलं होतं. ते मनाली विसरली नव्हती.

त्या मंगळवारी उज्वलाताईंनी एक फोड तोंडात टाकली आणि डोळे बारीक केले. “काय गं हे?”

कलिंगडाची सालं म्हणावं, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यावर बातमी, की मनालीच्या घरी सालं खायची पाळी आली. तिनं डब्यातल्या पांढऱ्या फोडींकडे पाहिलं आणि तोंडाला आलं ते बोलून गेली.

“ढवळी.”

“ढवळी?”

“माझ्या सासरची आहे. जावळीकडची. आता फारसं कुणी करत नाही.”

ती अंदाज घेत थांबली. उज्वलाताईंचा हात छातीशी गेला.

“अगं बाई, ढवळी! आमच्या आत्याचं सासर जावळीतलं. तिच्याकडे मे महिन्यात गेलं की असायचीच. मातीच्या भांड्यात करायची ती. तुझी कढईतली दिसतेय.”

मनालीला ठसका लागला. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा अभिराम हसता हसता सोफ्यावरून खाली घसरला. त्याचे आजोबा जावळीचे होते खरे, पण त्यांना भाजी म्हणजे वांगं, एवढंच ठाऊक होतं.

आता इथेच थांबायला हवं होतं. पण मनालीच्या अंगात वारं शिरलं. पुढच्या मंगळवारी ढवळी वाढताना ती साळसूदपणे म्हणाली, “आमच्याकडे म्हणतात, ही डाव्या हातानं ढवळायची. उजव्या हातानं ढवळली तर पाणी सुटतं.”

“मग!” उज्वलाताईंनी मान डोलावली. “आत्या डावखुरीच होती ना. आख्ख्या वाडीतून तिला ढवळी करायला बोलावणं यायचं.”

बाकीच्या दोघी थक्क होऊन ऐकत होत्या. मनालीनं ओठ चावून हसू दाबलं. पण उज्वलाताईंच्या पुढच्याच वाक्यानं ते आपोआप मावळलं.

“आमच्या सासूबाईंचं माहेर जावळीचंच आहे. गावाहून आल्यात, आता माझ्याकडेच असतात. शनिवारी ढवळी घेऊन ये घरी. नवऱ्यालाही आण. म्हातारीला केवढा आनंद होईल!”

शनिवारपर्यंत नवरा-बायकोचं एकमेकांवर ढकलणं चाललं. खोटं तू बोललीस, सालं तू शिजवलीस. आजारी पडावं असं मनालीनं सुचवलं. पण उज्वलाताईंचा तीन वेळा फोन आला, तेव्हा अभिरामनं नवीन कलिंगड आणलं आणि दोघं डबा घेऊन जुईनगरला निघाली. जाईला त्यांनी मुद्दामच शेजारी ठेवलं. तिच्या पोटात काही राहायचं नाही.

उज्वलाताईंच्या सासूबाई, सरस्वतीबाई, खिडकीपाशी खुर्चीवर बसल्या होत्या. नऊवारी, कपाळावर गोंदण, आणि नजर अशी, की अभिरामनं न सांगताच चपला आणखी नीट लावल्या. उज्वलाताईंनी वाटीत भाजी वाढून हातात दिली. म्हातारीनं एक फोड उचलली, उजेडात धरली, हुंगली आणि खाल्ली. मग दुसरी खाल्ली. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना.

“आई, तीच ना?” उज्वलाताईंनी विचारलं.

“सूनबाई, पावन्यास्नी च्या टाक आदी.”

उज्वलाताई आत गेल्या. सरस्वतीबाईंनी बोटानं मनालीला जवळ बोलावलं.

“ढवळी आमची गाय व्हती,” त्या हळूच म्हणाल्या. “आन तीच खायची ही कलिंगडाची सालं.”

मनालीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. अभिराम भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

“आजी, चुकलं माझं. मी आत्ताच ताईंना खरं सांगते.”

“गप बस! म्या काय म्हनले का, वंगाळ झालिया म्हनून?” म्हातारीनं वाटीतली तिसरी फोड तोंडात टाकली. “कुनी केली?”

मनालीनं नवऱ्याकडे बोट केलं. सरस्वतीबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“हात बरा हाय तुजा. माजी सून मला सकाळी ओट देती, दुपारी दलिया देती, रातच्याला बिनमिठाचं सूप. दात घट हायती, पर चावायला काय न्हाई. दर मंगळवारी तिच्या हाती माजा डबा धाडायचा. भाकरी आन ह्ये आसलं कायबाय, झनझनीत. मग म्या बगते ढवळीचं.”

चहा घेऊन उज्वलाताई बाहेर आल्या. “काय म्हणता आई? आमच्या आत्यासारखी आहे की नाही?”

“तश्शीच!” सरस्वतीबाई कडाडल्या. “पर तुज्या आत्यानं रीत सांगितली न्हाई का तुला?”

“कसली रीत?”

“ढवळी खाल्ली, की सुनंनं सासूचं पाय चेपायचं. आर्धा तास. न्हाईतर ती बाधती. तुज्या आत्याच्या वाडीत व्हतं की ह्ये सगळं. आठवत नसंल तर ऱ्हाऊ दे बापडं.”

उज्वलाताईंनी मनालीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. आठवत नाही म्हणणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

“आठवतंय की,” त्या बारीक आवाजात म्हणाल्या. “आत्या चेपायची. रोजच चेपायची.”

“रोज नगं. मंगळवारी फुरं.”

परतताना रिक्षात अभिराम आणि मनाली इतकी हसली, की रिक्षावाल्यानं दोनदा आरशातून मागे पाहिलं.

तेव्हापासून मंगळवारी सकाळी अभिराम चार डबे भरू लागला. चौथ्यात दोन ज्वारीच्या भाकऱ्या, खर्डा आणि त्या दिवशी जे काही वाचवलेलं असेल ते. कधी दुधीच्या सालींची चटणी, कधी मटाराच्या टरफलांची भाजी. प्रत्येकीला मनालीनं नवं नाव ठेवलं आणि उज्वलाताईंना प्रत्येक नाव आठवलं. संध्याकाळी त्या डबा स्वतः नेऊन सासूपुढे ठेवायच्या आणि मग पायथ्याशी बसायच्या.

महिन्याभरानं मात्र मनालीचं मन तिला खाऊ लागलं. त्या बुधवारी उज्वलाताई टाइप करता करता मनगट चोळत होत्या. मनालीनं विचारलं, तर म्हणाल्या, “काल जरा जास्त वेळ झाला.” आणि पुन्हा टायपिंगला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत मनालीनं जिन्यात जाऊन सरस्वतीबाईंना फोन लावला.

“आजी, आता पुरे करू या. ताईंना उगाच त्रास होतोय. मी सांगून टाकते सगळं.”

“काय सांगतीस? तिला ठावं हाय.”

“काय?”

“दुसऱ्याच मंगळवारी वळखलं तिनं. घरात कलिंगड कापलं, साल सोलाय घेतली आन बसली माज्याकडं बगत. म्या बी बगितलं. कोनीच कायबी बोललं न्हाई.”

“मग त्या पाय का चेपतात?”

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली.

“आदी टीवीकडं बगत बोलायची माज्यासंगं,” सरस्वतीबाई म्हणाल्या. “आता आर्धा तास हितं बसती. हापिसातलं सांगती, पोराचं सांगती. काल तिच्या आईच्या आठवनीनं रडली. मग म्याच तिचं हात चेपून दिलं, पर माज्या हातात जोर किती ऱ्हायलाय? दुखत आसंल तिला उलटं.”

मनाली जिन्याच्या पायरीवर बसली.

“आन ह्ये बग,” म्हातारी म्हणाली, “फुडल्या मंगळवारी भाकऱ्या चार धाड. ती बी हितंच खाती आता. दोगींत दोन फुरत न्हाईत.”